‘सांत्वन’ म्हणजे नेमके काय? ‘मित्राला सांत्वन दिले’ हे वाक्य बरोबर आहे का?

वाक्य खटकते. मराठीत सांत्वन ‘देत’ नाहीत, ‘करतात’, आणि तेही कोणाला नाही, कोणाचे: ‘मित्राचे सांत्वन केले’. तुमच्या वाक्यावर हिंदीची छाया आहे. तिथे ‘सांत्वना’ स्त्रीलिंगी आणि ‘सांत्वना देना’ रूढ. मराठीत ‘ते सांत्वन’. लिहिताना अनुस्वार ‘सा’वर द्या. ‘सात्वंन’ अशी चूक फार दिसते. मूळ संस्कृत ‘सान्त्व्’ धातू, म्हणजे गोड शब्दांनी शांत करणे. त्यातला ‘न्’ त्या अनुस्वारात उरला आहे, एवढे लक्षात ठेवले की चूक होत नाही.

आता अर्थ. जे घडायचे ते घडून गेले, परत येणार नाही, तिथे सांत्वन. पुढे काही उभे आहे तिथे धीर. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णाच्या बायकोला आपण धीर देतो. तेव्हा ‘सांत्वन केले’ लिहिलेत तर वाचणाऱ्याच्या काळजात चर्र होईल, माणूस गेला असेच वाटेल. ‘दिलासा’ फारसीतून आला. त्यात मन हलके होण्याला काहीतरी आधार लागतो: मुदत वाढली, जामीन मिळाला, पाऊस आला. म्हणून न्यायालय ‘अंतरिम दिलासा’ देते, अंतरिम सांत्वन नव्हे. रुसलेल्या मुलाची मात्र समजूतच काढायची.

हिंदीतल्या ‘सांत्वना पुरस्कार’ला आपल्याकडे ‘उत्तेजनार्थ बक्षीस’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो हरलेल्याला गोंजारत नाही, पुढच्या खेपेला बोलावतो.

एक गोष्ट जपा. सांत्वन हा लेखी शब्द आहे. ‘सांत्वनपर भेट’ बातमीत शोभते, पण दारात उभे राहून ‘तुमचे सांत्वन करायला आलो’ असे कोणी म्हणत नाही. घरचे विचारतात, ‘त्यांच्याकडे भेटून आलात का?’ तिथे गेल्यावर ‘कळलं तसे निघालो’ एवढे पुरते. मग जवळ बसायचे, ते बोलतील ते ऐकायचे. निघताना ‘येतो’ म्हणायचे नाही, हा संकेत बहुतेक घरांत पाळतात. मुकाट्याने उठून चपला घालायच्या.