पाऊच निवडताना आधी मालाचा शत्रू ओळखा

सप्लायरला थेट "किती मायक्रॉन?" (म्हणजे फिल्म किती जाड) विचारू नका. आधी ठरवा, माल कशाने खराब होतो: ओलावा, ऑक्सिजन की उजेड? बीओपीपी (ताणून बनवलेली पॉलीप्रॉपिलीनची फिल्म) ओलावा चांगला अडवतं, पण ऑक्सिजन जवळजवळ मोकळा सोडतं. त्यामुळे तेलकट मालाला नुसतं जाड बीओपीपी देऊन काही साधत नाही, खवट वास येणारच. तिथे 12 मायक्रॉन पेट (पॉलिस्टर फिल्म), 12 मायक्रॉन मेटलाइज्ड पेट (अ‍ॅल्युमिनियमचा बारीक मुलामा दिलेलं पेट) आणि आत 50 मायक्रॉनच्या आसपास पॉलीचा (पॉलिथिनचा) थर, इथून सुरुवात करा. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा अडथळा सर्वांत भक्कम, मात्र घडीवर ते चिरतं आणि त्या बारीक भोकांतून सगळी मेहनत वाया जाते. व्हॅक्यूम किंवा टोकदार मालाला नायलॉनचा थर घ्या.

पावडर असेल तर खरी डोकेदुखी सीलची. भरताना उडालेली धूळ सीलपट्टीवर बसते आणि तिथूनच पाऊच गळतं. आतल्या थराला मेटॅलोसीन एलएलडीपीई (पॉलिथिनचाच एक प्रकार) घेतलं तर ते अशी धूळ बऱ्यापैकी पचवतं. तापमान वाढवत सुटू नका, सीलची कडच ठिसूळ होते.

ऑर्डरआधी ओटीआर (फिल्ममधून किती ऑक्सिजन जातो) आणि डब्ल्यूव्हीटीआर (किती पाण्याची वाफ जाते) यांचे आकडे लेखी मागा, तेही कोणत्या तापमान-आर्द्रतेला मोजले त्यासकट. नमुना पाऊच भरून पाण्याखाली दाबा. बुडबुडे कुठून येतात ते बघा.