विमानात मुलीचा बो (धनुष्य) तुटला, कंपनी 3,220 रुपये देते आहे. घ्यावेत का?

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. माझी सतरा वर्षांची मुलगी कंपाउंड तिरंदाजी करते. गेल्या महिन्यात स्पर्धेसाठी आम्ही मुंबईहून विमानाने गुवाहाटीला गेलो. बोची हार्ड केस चेक-इन केली आणि क्रीडासाहित्याचे 1,500 रुपये वेगळे भरले. काउंटरवर "नाजूक सामान आहे" म्हणून एका टॅगवर सही घेतली. रात्री मुक्कामी केस उघडली तेव्हा कोपरा चेपलेला, साइट (नेम धरायचे साधन) मोडलेली आणि वरच्या लिंबला (बोच्या वाकणाऱ्या पातीला) तडा गेलेला दिसला. मुलगी दुसऱ्याचा बो मागून खेळली आणि लगेच बाद झाली. चौथ्या दिवशी मी फोटोंसह कंपनीला ईमेल केला. दुरुस्तीचा अंदाज 62,000 रुपये आहे. कंपनीचे उत्तर असे : टॅगवर तुमची सही आहे, विमानतळावर तक्रार नोंदवली नाही, बिल तुमच्या नावावर नाही (ते प्रशिक्षकांच्या नावावर आहे), आणि दावा करायचाच तर दिल्लीच्या कोर्टात करा. तरीही "सद्भावना म्हणून" किलोला 350 रुपयांप्रमाणे 9.2 किलोचे 3,220 रुपये देऊ म्हणतात. काय करावे?

उत्तर : ताई, सर्वात आधी एक सांगते. त्या 3,220 रुपयांसाठी जो फॉर्म पाठवला असेल त्यावर सही करू नका, बँकेचा तपशीलही देऊ नका. अशा फॉर्मवर "संपूर्ण आणि अंतिम" असे शब्द असतात आणि पुढे भांडायची वाट तिथेच बंद होते.

कंपनीने लावलेला हिशेबच चुकीचा आहे. देशांतर्गत विमानप्रवासाला 1972 चा कॅरेज बाय एअर ऍक्ट लागू होतो. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत 1999 च्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम आहेत आणि जानेवारी 2014 च्या अधिसूचनेने ते देशातल्या देशातल्या उड्डाणांनाही लागू झाले. त्या अधिसूचनेत चेक-इन सामानासाठी जबाबदारीची मर्यादा प्रवाशामागे 20,000 रुपये आहे. किलोला 350 रुपये हा दर आहे मालवाहतुकीचा, म्हणजे कार्गोचा. तुमची मुलगी तिकीट काढून प्रवास करत होती आणि केसला बॅगेज टॅग होता. ते पार्सल नव्हते. कंपनीने आपल्या अटींमध्ये किलोचा दर छापला असला तरी नियम 26 सांगतो की कायद्याने ठरवलेल्यापेक्षा कमी मर्यादा घालणारी अट रद्दबातल असते.

हाच नियम 26 तुमच्या सहीच्या टॅगलाही लागू पडतो. "नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही" अशा टॅगवर सही घेऊन जबाबदारी झटकता येत नाही. नियम 17 प्रमाणे चेक-इन सामान कंपनीच्या ताब्यात असताना बिघडले तर कंपनी जबाबदार असते. निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायचा नसतो. कंपनी सुटते ती वस्तूतच मुळात दोष असेल तेव्हा, किंवा तुमच्या चुकीने नुकसान झाले तर, त्या चुकीपुरती. त्यामुळे ते पॅकिंगवर बोट ठेवतील. त्याला उत्तर म्हणजे हार्ड केसचा आणि आतल्या फोमचा फोटो. आणखी एक गोष्ट कंपनीला पाठवायच्या नोटिशीत जरूर लिहा : धनुष्यबाण केबिनमध्ये नेण्याची परवानगीच नाही. म्हणजे ते त्यांच्या हवाली करण्याशिवाय तुमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

विमानतळावर तक्रार नोंदवली नाही, हा आक्षेपही टिकत नाही. नियम 31 ला हवी असते लेखी तक्रार, सामान हाती आल्यापासून सात दिवसांत. विमानतळावरचाच छापील फॉर्म भरला पाहिजे असे त्यात नाही. तुमचा ईमेल चौथ्या दिवशी गेला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 4 प्रमाणे ईमेल हा लेखीच धरला जातो. ताई, तुमची सगळी केस या एका ईमेलवर उभी आहे. तोच आठव्या दिवशी गेला असता तर मी तुम्हाला हे उत्तर लिहू शकले नसते, कारण सात दिवस उलटले की, कंपनीने फसवणूक केल्याखेरीज, दावाच चालत नाही. माझ्याकडे आलेले किती तरी पालक इथेच अडकले आहेत. स्पर्धा संपेपर्यंत थांबू, घरी जाऊन बघू, म्हणत आठवडा निघून जातो.

बिलाचा प्रश्न मला फारसा गंभीर वाटत नाही. चार-पाच मुलांचे सामान प्रशिक्षक एकत्र मागवतात आणि बिल एकाच नावावर निघते, हे सगळ्याच अकादमींत चालते. तुम्ही प्रशिक्षकांना पैसे पाठवल्याची बँकेची नोंद काढा आणि बो तुमच्या मुलीचाच आहे असे त्यांचे प्रतिज्ञापत्र घ्या.

आता मन घट्ट करून वाचा. 62,000 रुपये पूर्ण मिळतील असे मी तुम्हाला सांगणार नाही. 20,000 ची मर्यादा ओलांडायचे दोनच रस्ते आहेत. पहिला, सामान ताब्यात देतानाच त्याची किंमत लिहून देऊन विशेष घोषणा करायची आणि कंपनी मागेल ती जादा रक्कम भरायची. तुम्ही भरलेले 1,500 रुपये हे नव्हेत. ते क्रीडासाहित्य नेण्याचे शुल्क होते, त्यात किमतीची घोषणा नव्हती. आत काय आहे हे कंपनीला ठाऊक होते, एवढे मात्र त्या पावतीने सिद्ध होते. दुसरा रस्ता नियम 22 मधला : नुकसान होण्याची शक्यता माहीत असूनही बेफिकिरीने वागल्याचे सिद्ध केले तर मर्यादा उरत नाही. त्याला पुरावा फार भक्कम लागतो. केसच्या चेपलेल्या कोपऱ्यावर टायरचा ठसा किंवा ओरखड्यांची रांग आहे का ते उजेडात नीट पाहा. सामान चढवतानाचे आणि उतरवतानाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, असे कंपनीला आणि दोन्ही विमानतळांना आजच लिहून कळवा. एक महिना गेलाच आहे आणि जुन्या चित्रणावर नवे चढत जाते.

हुकलेल्या स्पर्धेची भरपाई कोणी तरी द्यायला हवी, असे तुम्हाला वाटते आहे. आई म्हणून मलाही तसेच वाटते. पण नियम 29 प्रमाणे मागणी कोणत्याही नावाने केली तरी ती याच मर्यादेत बसवावी लागते, आणि दंड म्हणून भरपाई मागता येत नाही. व्याज आणि दाव्याचा खर्च मात्र मर्यादेबाहेर मिळू शकतो, तो नक्की मागा. तक्रार चुकीच्या कारणांनी उडवून लावली ही सेवेतली वेगळी त्रुटी आहे, असेही मांडा. कंपनी नियम 29 पुढे करेल, ग्राहक आयोग काय ठरवेल त्यावर ते अवलंबून राहील.

दिल्लीला जाण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येते, म्हणून ठाणे जिल्ह्याचा आयोग. (खारघर-कामोठ्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावे की ते रायगड जिल्ह्यात आहेत, त्यांना अलिबागचा आयोग.) सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुलगी अज्ञान (अठरा वर्षांखालची) असल्याने तिच्या वतीने आई म्हणून तुम्ही तक्रारदार व्हाल. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ती ऑनलाइन दाखल करता येते. त्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला नोटीस पाठवा आणि विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवरही नोंद करा. पंधरा दिवस वाट पाहा, जास्त नको. ग्राहक कायद्यात तक्रारीला दोन वर्षे आहेत, पण नियम 35 ची दोन वर्षे संपली की हक्कच संपतो आणि उशीर माफ करून घेण्याचा भरवसा धरता येत नाही.

तडा गेलेले लिंब दुकानात जुने म्हणून देऊ नका, टाकूनही देऊ नका. बो दुरुस्त करणाऱ्याकडून तारखेसह लेखी अहवाल घ्या : तडा कुठे आहे, तो बाहेरच्या दाबाने गेलेला दिसतो का, आणि असा बो खेचला तर लिंब फुटून इजा होऊ शकते का. कंपनीचा वकील म्हणेल, बारीक रेघ आहे, चालले असते. लिंबवरून कापूस फिरवला की तंतू जिथे अडकतात तिथे तडा असतो, हे तुमची मुलगी आयोगासमोर स्वतः दाखवू शकेल.

पुढच्या प्रवासाआधी आठवडाभर कंपनीला ईमेल करून विचारा की किमतीची विशेष घोषणा कशी करायची आणि जादा किती भरायचे. काउंटरवरच्या मुलांना हे बहुधा माहीत नसते, तेव्हा ते उत्तर छापून जवळ ठेवा. त्यांनी नकार दिला तर तोही लेखी घ्या. केस बंद करण्यापूर्वी बो, साइट आणि सिरियल नंबर यांचा व्हिडिओ काढा. उतरल्यावर पट्ट्यावरून केस उचलली की विमानतळाबाहेर पडण्याआधी तिथेच उघडा.

मुलगी परदेशी स्पर्धेला गेली तर हिशेब बदलतो. मॉन्ट्रियल करारातली सामानाची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) झाली आहे, म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर. मुंबई-दिल्ली-बँकॉक असा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर मुंबई-दिल्ली टप्पाही आंतरराष्ट्रीय धरला जातो. चार पैसे वाचवायला दिल्लीपर्यंतचे तिकीट वेगळे काढले आणि बो त्या टप्प्यात मोडला, तर पुन्हा 20,000 वर याल. म्हणून परदेशी जाताना तिकीट एकच काढा.