वाळवंटी भागातील पाणी आणि शेती या विषयावर इंटर्नशिप कुठे करावी?

कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला असेल, तर माझे उत्तर जोधपूर असे आहे. १९५९ साली स्थापन झालेली केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजेच काझरी, तेथे असून तिची प्रादेशिक केंद्रे बिकानेर, जैसलमेर, पाली आणि भुज येथे आहेत. महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह, आपला विषय नेमका मांडून अर्ज करावा.

मात्र केवळ प्रयोगशाळेत रमू नये. जैसलमेरकडील खडीन अवश्य पाहावे: खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल भागात मातीच्या लांब बांधाने अडवले जाते, ते जमिनीत मुरते आणि मागे उरलेल्या ओलीवर, वरून सिंचन न करता, गहू किंवा हरभरा घेतला जातो. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे शतकानुशतके चालत आले आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. बांधाची उंची, सांडव्याची पातळी, मातीतील क्षार आणि ओल यांची मोजणी हा विद्यार्थ्याला झेपेल असा प्रकल्प आहे. शक्य असल्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावे, कारण त्या सुमारास पेरणी प्रत्यक्ष पाहता येते; उन्हाळी सुट्टीत गेल्यास बहुधा कोरडा बांधच दिसेल.