घर सासूच्या नावावर, म्हणून सुनेला दार बंद?

प्रश्न : लग्नाला 9 वर्षे झाली. नवरा पिऊन मारतो. दिवाळीत डोक्याला टाके पडले. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन घरी पाठवलं. तिसरीतल्या मुलीला घेऊन माहेरी आले, तर सासरच्यांनी कुलूप बदललं. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून माझा हक्क नाही म्हणतात. आता मध्यस्थांनी पाचशेच्या बाँडवर फारकत लिहून आणलीय. सही केली तर दोन लाख देतील. काय करू? – एक भगिनी, जि. सांगली

उत्तर : ताई, आधी त्या बाँडचं. सही करू नका. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्याने मोडतं, नोटरीच्या शिक्क्याने नाही. (जातीत फारकतीची रूढी असेल तर अपवाद आहे, पण ती सिद्ध करताना भल्याभल्यांना घाम फुटतो.) मग हा कागद कशाला? ‘राजीखुशीने पोटगी व सर्व हक्क सोडले’ हे उद्या कोर्टात दाखवायला. ती ओळ अशा मसुद्यात कुठेतरी मध्येच दडवलेली असते. कागदाचा फोटो मात्र काढून ठेवा.

आता घर. नवऱ्याच्या नावावर नसलेल्या घरात सुनेला हक्क नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचाच एक जुना निकाल होता. सासरची मंडळी अजून त्याच्याच जोरावर बोलतात. 15 ऑक्टोबर 2020 रोजी सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो चुकीचा ठरवला. मालकी सासूची असो वा सासऱ्याची, तुम्ही संसार करत होता ते घर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली येतं. कलम 17 ने तिथे राहण्याचा हक्क मिळतो; मालकीचा नाही, आणि सासूबाईंना बाहेर काढण्याचाही नाही.

पण हक्क आहे म्हणून त्याच छताखाली परत जायलाच हवं का? माझं मत, नको. कलम 19 खाली दोन्ही मागा: नवऱ्याने घराबाहेर राहावं, नाहीतर त्याच तोलाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं द्यावं. बरोबर पोटगीही मागा. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानुसार ती अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. मध्यस्थांच्या बैठकांत जातील ते महिने बुडाले.

अर्ज माहेरच्या तालुक्यातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतो. संरक्षण अधिकाऱ्यांची (याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांची) मदत घ्या, पण ते भेटत नाहीत म्हणून थांबू नका. थेट अर्ज करता येतो. तालुका विधी सेवा समितीचा वकील स्त्रियांना फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. निकाल 60 दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तारखा कशा पडतात ते मी रोज पाहते. म्हणून कलम 23 चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधी तात्पुरता आदेश मागणारा, शपथपत्रासह पहिल्याच दिवशी जोडा. मारहाणीला मनाई करणारा संरक्षण आदेशही मागा; तो मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे.

एनसीवर समाधान मानू नका. नवऱ्याचा छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी नोंदवायलाच हवा असा, गुन्हा आहे. लेखी फिर्याद द्या. ठाण्यात घेतली नाही तर तीच पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. टाके घातलेल्या दवाखान्याचा केसपेपर आजच मागवा आणि नीट वाचा. नवरा शेजारी उभा असताना पुष्कळ बायका ‘जिन्यावरून पडले’ असं सांगतात, डॉक्टर तेच लिहितात. तसं झालं असेल तर लपवू नका. का सांगावं लागलं ते अर्जातच लिहा. समोरच्या वकिलाच्या हातातला मुद्दा तिथेच जातो. नवऱ्याचे व्हॉइस मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका.

मुलीचा दाखला सासरच्यांनी अडवला तरी तिला घरी बसवू नका. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेने प्रवेश नाकारायचा किंवा लांबवायचा नाही, असं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. माहेरच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना हे कलम सांगून नाव घाला.