फ्रिजवर ठेवलेली वही

प्रश्न : मी ६२ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून बार्शीत राहतो. एका हायस्कुलात ३३ वर्षे मराठी शिकवले. मुलीच्या बाळंतपणासाठी पत्नी दोन महिन्यांपूर्वी हैदराबादला गेली आहे आणि अजून तीन महिने तरी ती येणार नाही. लग्नाला ३६ वर्षे झाली, परंतु चहापलीकडे मी स्वयंपाकघरात कधी काही केले नव्हते. आता पिठल्यात गुठळ्या होतात, भाकरी थापतानाच चिरते आणि तव्यावर टाकताना मोडते, कुकरमधले वरण दोनदा करपले. ‘रुचिरा’ विकत आणले, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, तरी फरक पडत नाही. पत्नीने जाताना एक वही लिहून ठेवली आहे, पण तिचे अक्षर लागत नाही. ‘विहीर गेली’, ‘वैरण’ असे काहीतरी दिसते, म्हणून ती फ्रिजवर ठेवून दिली. खानावळीच्या जेवणाने पित्त होते. पत्नीला लवकर बोलावून घ्यावे, की स्वयंपाकाला बाई लावावी?

उत्तर :

सर, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा फ्रिजवरच्या वहीपाशी अडले. पिठले, भाकरी, पित्त यांबद्दल तुम्ही सविस्तर लिहिले आहे. वहीच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. ज्यांनी ३३ वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, घाईत खरडलेले, शाई पसरलेले, समासात घुसलेले अक्षर लावून अर्धा गुण कुठे देता येईल ते शोधले, त्यांना घरातल्या माणसाचे अक्षर लागत नाही, हे मला पटत नाही. तुम्ही ते लावायला बसलाच नाहीत. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

वही न पाहताही मी सांगते, की वहिनींनी ‘विहीर गेली’ असे लिहिलेले नसून ‘विरी गेली’ असे लिहिले आहे. विरी म्हणजे ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा, ज्याच्या बळावर ते पीठ एकमेकांना धरून राहते. गव्हाच्या कणकेला जे ग्लुटेन बांधून ठेवते ते ज्वारीत नसते, त्यामुळे भाकरीची सारी भिस्त ताज्या पिठावर, गरम पाण्यावर आणि मळणाऱ्या हातावर असते. पीठ जुने झाले की विरी जाते आणि मग कितीही मळले तरी भाकरी कडेने चिरत जाते. म्हणून जाणत्या बायका ज्वारी आठवड्या-दहा दिवसांपुरतीच दळून आणतात. तुमच्या डब्यातले पीठ वहिनी जाण्यापूर्वी दळलेले असेल, तर ते दोन महिन्यांचे आहे आणि तुमची भाकरी का मोडते याचे उत्तर त्या वहीत तितक्याच दिवसांपासून पडून आहे. ज्या मुलखात मालदांडी ज्वारी पिकते, तिथे उभा जन्म काढून आणि रोज दोन वेळा भाकरी खाऊन मराठीच्या शिक्षकाला ‘विरी’ हा शब्द ठाऊक नसावा, याचे मला फार वाईट वाटले.

दुसरा शब्दही गुरांच्या वैरणीचा नव्हे. तिथे ‘बेसन वैरावे’ किंवा ‘वैरून घालावे’ असे काहीतरी असणार. फोडणीत पाणी ओतून ते खळखळा उकळू लागले, की डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ पावसाच्या भुरभुरीसारखे सोडायचे आणि उजव्या हातातला डाव क्षणभरही थांबू द्यायचा नाही, याला वैरणे म्हणतात. तुम्ही वाटीभर पीठ एकदम उकळत्या पाण्यात लोटत असणार. तसे केले, की गोळ्याचा बाहेरचा थर पाण्याने फुगून लगेच चिकट होतो, आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोहोचू देत नाही आणि गुठळी तयार होते. मग ती डावाने दाबत बसावे लागते. ही सगळी क्रिया वहिनींनी एका क्रियापदात लिहून ठेवली आहे. आपल्या भाषेत त्यासाठी याहून नेमका शब्द नाही.

वरण करपल्याचे फार मनावर घेऊ नका. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी घाला, डाळीच्या भांड्यातही पुरेसे पाणी ठेवा आणि पहिल्या शिटीनंतर आच मंद करा.

‘रुचिरा’ आणलेत ते चांगलेच केलेत. कमलाबाई ओगले यांचे ते पुस्तक १९७० साली आले आणि त्यातली मापे वाटी-चमच्यांची असल्यामुळे नवख्या मुलींना स्वयंपाकघरात फार मोठा आधार मिळाला. परंतु तुमच्या डब्यातले पीठ किती दिवसांचे आहे, तुमच्या शेगडीचा कोणता बर्नर मोठा पेटतो आणि तुम्हाला कशाने पित्त होते, हे कोणत्याही छापील पुस्तकाला कळणे शक्य नाही. वहिनींना ते सगळे कळते, म्हणून त्यांनी वेगळी वही लिहिली. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईच्या मागे काय काय असते ते आठवा : डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा मसाला, जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी, रेल्वेची तिकिटे. त्या धांदलीत, बहुधा ओट्याशी उभ्या राहून, त्या तुमच्या जेवणाची पाने भरत होत्या. असे लिहिताना अक्षर वळणदार येत नाही. ३६ वर्षांत त्यांनी केवळ तुमच्यासाठी लिहिलेला एवढा मोठा मजकूर दुसरा असेल, असे मला वाटत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तुम्हाला ओट्याजवळ का येऊ दिले नाही आणि तुम्हीही का गेला नाहीत, हा हिशेब मी आज काढत बसणार नाही.

तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर एकच आहे. वहिनींना बोलावू नका, बाई लावू नका. आज संध्याकाळी शंभर पानी कोरी वही आणा आणि फ्रिजवरची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःच्या अक्षरात उतरवून काढा. रोज एकच पान उतरवा आणि दुसऱ्या दिवशी त्या पानावरचाच पदार्थ करा. लाल पेन हाताशी ठेवू नका. त्यांनी ‘पाणि’ असे ऱ्हस्व लिहिले असेल तर तसेच उतरवा. ‘अंदाजाने मीठ’ लिहिले असेल तर ते अपूर्ण उत्तर समजून रागावू नका, त्या दिवशी स्वतः मीठ घालून चाखा आणि किती लागले ते शेजारी लिहा. जो शब्द लागणार नाही, त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि दुपारी बाळ निजले असेल त्या वेळी फोन करून तेवढाच शब्द विचारा. त्या फोनवर परत कधी येणार हे विचारायचे नाही आणि घशाला येणारे आंबट पाणीही सांगायचे नाही.

डब्यातले जुने पीठ टाकून देऊ नका. पाण्याला उकळी आली की त्यात ते पीठ घालून हलवा, झाकण ठेवून गॅस बंद करा आणि कोमट झाल्यावर मळा. अशी उकड काढली की विरी गेलेले पीठही बऱ्यापैकी वळते. परातीत एका वेळी एका भाकरीपुरताच गोळा घ्या. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी पुरते सुकण्याआधी ती उलटा.

पहिला फोन ‘विरी’साठी करा. अर्थ मी सांगितला आहे, तरीही विचारा, कारण पीठ हातात घेतल्यावर विरी आहे की गेली हे कसे ओळखायचे, ज्वारी कोणत्या गिरणीतून दळून आणायची आणि गिरणीवाल्याला काय बजावायचे, हे वहिनींनाच ठाऊक आहे.