इतकं झाल्यावर पुन्हा सोमल कशाला?

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय ३८) एपीएल प्रकारचा ब्लड कॅन्सर निघाला. आर्सेनिकचं (म्हणजे सोमलाचं) सलाइन आणि एट्रा या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या आठवड्यात वजन पाच किलोंनी वाढलं. सासूबाई म्हणाल्या, अंग धरलं. पण रात्री दम लागला, ताप आला, छातीत पाणी निघालं. स्टेरॉइडने उतरलं. आता बोन मॅरो स्वच्छ आहे, तरी डॉक्टर आणखी चार फेऱ्या सांगतात. पायाला मुंग्याही येतात. घरचे म्हणतात, सोमल अंगात भिनलाय, आता पुरे. काय करू?
– एक भगिनी, कराड

उत्तर : ताई, फेऱ्या सोडू नका. हे आधी सांगते, कारण मॅरो स्वच्छ दिसला म्हणून घरी बसलेले आणि आजार उलटून परत आलेले पेशंट मी पाहिले आहेत.

घरच्यांचं चुकलं नाही, औषध सोमलच आहे. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात ते या आजारावर वापरायला सुरुवात केली. पण मात्रा बघा : साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण नऊ मिलिग्रॅम, तेही एक-दोन तासांत थेंबथेंब. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इटली-जर्मनीच्या अभ्यासात, पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नसलेल्या रुग्णांपैकी ९७ टक्के दोन वर्षांनंतरही आजार न उलटता ठीक होते. त्यांना आर्सेनिक आणि एट्राच दिलं होतं.

मिस्टरांची सूज विष साठल्यामुळे आलेली नव्हती. या आजारात कच्च्या पेशी अडून राहतात, औषध त्यांना पिकवतं. एकदम पिकताना त्यांतून जे सुटतं त्याने रक्तवाहिन्या पाझरतात, म्हणून पाणी, वजन, दम. मॅरो स्वच्छ झाल्यावर हा धोका जवळजवळ संपतो.

मुंग्या मात्र या औषधाने नसांवर झालेला परिणाम असू शकतो, ते डॉक्टरांना आजच सांगा. माझ्याकडे एक शिंपीकाका होते. सुईत दोरा ओवता येईना, तर चष्म्याचा नंबर वाढला म्हणत राहिले. तिसऱ्या फेरीत बायकोने सांगितलं, "यांच्या पायातली चप्पल निसटते, यांना कळतही नाही." आम्ही औषध थांबवलं, मग बेताने पुन्हा दिलं. बधिरपणा जायला कित्येक महिने लागले. आधी कळतं तर एवढं झालं नसतं, याची मला आजही हळहळ वाटते. तुम्ही मिस्टरांना रोज शर्टाची बटणं लावताना बघा.

दुसरी काळजी हृदयाच्या ठोक्यांची. म्हणून ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर बघतात. ते सुया टोचणं उगाच नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर पोटॅशियम उतरतं, लगेच फोन करा. खोकल्याला अझिथ्रोमायसिन, उलटीला ओंडांसेट्रॉन अशा साध्या वाटणाऱ्या गोळ्याही ठोके बिघडवू शकतात, तेव्हा मेडिकलमधून परस्पर काही आणू नका. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उशीर न करता दवाखाना गाठा. लिव्हरची तपासणी होत राहील, ती बहुधा आटोक्यात राहते.

आणि कुणी ताकदीसाठी हरताळ-मनशीळ घातलेलं रसौषध सुचवलं तर घेऊ नका. त्यातही आर्सेनिकच आहे, किती ते कुणी मोजलेलं नाही.

पुढच्या वेळी सासूबाईंना डे-केअरला सोबत न्या. सलाइन चालू असताना त्यांनी शेजारी बसून डॉक्टरांना हेच विचारावं.