शेजारी टीबी निघाल्यापासून सासूबाई घाबरल्यात, त्यांना कसं समजावू?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई शिकलेल्या आहेत, रोज पेपर वाचतात, तरी शेजारच्या मुलाला टीबी निघाल्यापासून दारं-खिडक्या लावून बसतात. शिक्षणाचा यात काही संबंध नाही. पण तुमच्या मिस्टरांनी "त्याला साधा न्यूमोनिया आहे" असं सांगून ठेवलंय, ते आजच्या आज दुरुस्त करा.

आमच्याकडे हेच झालं. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आमचं घर. आत्या आमच्यापाशीच असते, तिचा उभा जन्म विड्या वळण्यात गेला. वरच्या मजल्यावरच्या मुलीला टीबी निघाला तेव्हा दादानं सगळ्यांना दम भरला, आत्याला कळता कामा नये. कावीळ म्हणून सांगितलं. थोड्याच दिवसांत त्या मुलीच्या आईनंच जिन्यात आत्याला खरं सांगून टाकलं. तिथून पुढं आत्यानं आमच्यातल्या कुणाचाच शब्द मानला नाही. विड्या द्यायला कारखान्यात जाईना. वरून आलेली शेंगाचटणी तशीच परत. जानेवारीत गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा आली, त्यातला अक्षता सोहळा तिनं कधी चुकवला नव्हता, तोही सोडला. दादा आधी हसला, मग ओरडला, मग "नाटकं आहेत" म्हणाला.

मी तिला विचारलं, तुला नेमकं काय होईल असं वाटतं? तेव्हा ती तिच्या आईबद्दल बोलायला लागली. आजी टीबीनं गेली. मिरजेला नेलं होतं, तिथून आणल्यावर परसातल्या खोलीत ठेवलं. ताट-तांब्या वेगळा, लेकरांनी उंबरा ओलांडायचा नाही. ती गेल्यावर भांडीही घरात ठेवली नाहीत. आत्याला सगळ्यात जास्त धास्ती होती ती आपलं ताट वेगळं होण्याची. इतकी वर्षं एका घरात राहून हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मग तिला टीबीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि बोलायला तिलाच लावलं. दादाला मुद्दाम नेलं नाही, तिच्याऐवजी तोच बोलला असता. तिचा पहिला प्रश्न, उष्ट्या भांड्यानं होतो का? होत नाही. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, कोंदट बंद खोलीत जास्त. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत त्या माणसापासून लागण होण्याचा धोका खूप उतरतो. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या घरच्यांना, सॅनेटोरियममधल्या (टीबीच्या खास दवाखान्यातल्या) रुग्णांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नव्हती, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आत्या तिथंच रडली. "मग आईचं ताट कशाला वेगळं केलं?" एवढंच म्हणत राहिली. डॉक्टरांनी तिला रडू दिलं, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

त्या दिवसापासून घरातल्या खिडक्या उघडल्या. पुढच्या गड्ड्याला आत्या निघाली, अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याच्या रेटारेटीत नाही, मिरवणुकीतले नंदीध्वज जातात त्या रस्त्याच्या कडेला लांब उभी राहिली. दादा म्हणतो, हे बरं होणं नव्हे. मी म्हणते, आपल्या पायांनी गेली ना? तुम्हीही सासूबाईंना ओढून बाहेर काढू नका.

हे सगळं नुसत्या भीतीपुरतं. त्यांना स्वतःला दोन आठवड्यांवर खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल तर आधी थुंकीची तपासणी. मधुमेह असेल तर त्यांची काळजी अगदीच निराधार नाही, तसं डॉक्टरांना सांगा. झोप-जेवण सुटलं असेल, दिवसभर हातच धूत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मिस्टर म्हणतील, खरं सांगितलं तर आई आणखी घाबरेल. दादा अजून हेच म्हणतो. आत्या घाबरलेली होतीच, त्याच्या खोट्यामुळं तिला विचारायला घरात माणूस उरलं नाही. आणि न्यूमोनियाचं खोटं ज्यांनी सांगितलं, खरंही त्यांनाच सांगू द्या. तुम्ही सांगायला गेलात तर ते खोटं सुनेच्या पदरात पडेल.